अभ्यासिकेच्या शेजारी लेथ का हवा?



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत पुस्तकांच्या कपाटावर एक पितळी इंजिन ठेवलेले आहे. वीतभर लांब, वाफेवर चालणारे. माझ्या मामाने स्वतःच्या हाताने बनवलेले.

मामा रेल्वेच्या एका वर्कशॉपमध्ये खलाशी होता. नोकरीची बहुतेक वर्षे त्याने लेथखालचा लोखंडी चुरा गोळा करण्यात आणि जड जॉब उचलून चकापर्यंत नेण्यात घालवली. जॉब चकात बसला की मामाने मागे सरकायचे आणि टर्नरने पुढे यायचे, असा दंडक. पाहून पाहून मामा टर्नरचे सगळे काम शिकला. ट्रेड टेस्टला बसू द्या म्हणून त्याने साहेबांना विचारले, तेव्हा साहेब हसले आणि म्हणाले, “तुला काय कमी आहे रे, पगार तर मिळतोय.” मामाने पुन्हा विचारले नाही. पण घरी मोरीच्या बाजूला एक फळी ठोकली, तिच्यावर जुना बेंच व्हाइस बसवला, हातड्रिल आणि चार कानशी जमवल्या आणि दोन पावसाळे खपून हे इंजिन उभे केले. सिलिंडर म्हणजे पितळी नळीचा तुकडा. पिस्टन घासून घासून त्यात बसवलेला. फ्लायव्हील बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमधून काढलेले. १४ एप्रिलला मामाने ते वस्तीत चालवून दाखवले होते. मी तेव्हा तिसरीत होतो.

गेल्या महिन्यात अभ्यासिकेतल्या पोरांनी हट्ट धरला, “दादा, चालवून दाखवा ना.” सायकलच्या पंपाने हवा दिली. इंजिन हलेना. तिथे बाराजण अभ्यासाला बसलेले होते. त्यातल्या दोघांकडे मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी. उष्णतेच्या चक्राची व्याख्या त्यांनी घडाघडा सांगितली, पण स्क्रू ड्रायव्हर कुणीच उचलला नाही. संध्याकाळी धाकट्या भावाला न्यायला एक पोरगा आला. आयटीआयचा टर्नर, सध्या पार्सल पोचवण्याचे काम करतो. त्याने स्प्रिंग सैल केली, सिलिंडर बाजूला काढला, रॉकेलच्या फडक्याने वाळलेले तेल पुसले, ताजे दोन थेंब सोडले. पंप मारला, आणि इंजिन फिरले. सगळा खेळ पंधरा मिनिटांचा. तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर ऑर्डर वाजली आणि तो गाडीला किक मारून निघून गेला.

मित्रांनो, ज्यांच्याकडे पदवी आहे त्यांच्या हाताला सवय नाही, आणि ज्याच्या हाताला सवय आहे त्याच्यासमोर लेथ नाही. त्या संध्याकाळी मला आपल्या चळवळीचे हे दोन पराभव एकदम दिसले. हा लेख दोन्हींबद्दल आहे.

छोटे इंजिन म्हणजे खेळणे नव्हे

घरातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये वाफेची इंजिने बनवणे हा गोऱ्या साहेबांचा पेन्शनीतला छंद आहे, असे कुणाला वाटेल. आधी इतिहास पाहू.

जेम्स वॅट हा उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. ग्लासगो शहरात दुकान थाटायला त्याला कारागीर संघांच्या नियमांची अडचण होती. १७५७ मध्ये विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात एक खोली दिली. १७६३-६४ च्या सुमारास त्याच्याकडे न्यूकोमेन इंजिनाचे एक छोटे मॉडेल दुरुस्तीला आले. शिकवण्यासाठी केलेले ते मॉडेल दोन-चार ठोके मारून बंद पडायचे. वॅट कारण शोधू लागला. सिलिंडर लहान केला की त्याच्या आतल्या जागेच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग वाढतो. दर ठोक्याला सिलिंडर तापवायचा आणि पाणी मारून थंड करायचा, यातच बहुतेक वाफ खर्ची पडत होती. मोठ्या इंजिनात हाच दोष होता, पण खाणीवर कोळसा मुबलक असल्याने तो खपून जाई. मॉडेलने तो उघडा पाडला. १७६५ मध्ये वॅटला वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याची कल्पना सुचली आणि १७६९ मध्ये पेटंट मिळाले. पण कल्पना असून भागले नाही. सिलिंडर नीट गोल बोअर करणारे मशीन विल्किन्सनने १७७४ च्या सुमारास केले, तेव्हा कुठे वॅटचे इंजिन खऱ्या अर्थाने उभे राहिले.

म्हणजे जग बदलणाऱ्या इंजिनाची सुरुवात एका बिघडलेल्या मॉडेलपासून झाली आणि शेवट एका चांगल्या बोअरिंग मशीनने केला. डोके मधे होते, पण दोन्ही टोकांना हात होता.

ही परंपरा पुढे सामान्य माणसांनी चालवली. इंग्लंडमध्ये १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. त्यात १९२४ पासून ‘एलबीएससी’ या टोपणनावाने एक माणूस छोट्या रेल्वे इंजिनांबद्दल लिहू लागला. हा माणूस कोण, तर तरुणपणी रेल्वेच्या शेडमध्ये इंजिने पुसणारा कामगार. छोट्या इंजिनात कोळसा जाळून खरी वाफ करता येणार नाही, असे तेव्हा जाणकार सांगत. त्याने अडीच इंच गेजचे इंजिन कोळशावर चालवून दाखवले, त्यावर माणसे बसवून ओढली आणि मग पुढची चार दशके इतरांना एकेक भाग कसा कातायचा ते साध्या बोलीत समजावून सांगितले. ज्याला इंजिन फक्त पुसायला ठेवले होते, त्याने हजारो लोकांना इंजिन बनवायला शिकवले! माझ्या मामाच्या हाती असे एखादे नियतकालिक आले असते तर?

गोलोकचंद्र आणि अर्देशीर

“हे तिकडचे झाले, इकडे कुठे होते असे काही?” होते. आणि इथेच खरा मुद्दा आहे.

१८२८ मध्ये कलकत्त्याला कृषी-बागायत संस्थेच्या प्रदर्शनात टिटागढच्या एका लोहाराने वाफेचे इंजिन मांडले. त्याचे नाव गोलोकचंद्र. सेरामपूरच्या मिशनऱ्यांच्या कागद कारखान्यातले विलायती इंजिन त्याने पाहिले होते. तेवढ्या पाहण्यावर, कुठल्याही युरोपियन कारागिराची मदत न घेता त्याने स्वतःचे इंजिन घडवले. भारतात रेल्वे धावायला अजून २५ वर्षे होती! त्याला ५० रुपयांचे बक्षीस मिळाले आणि त्यानंतर इतिहासाने त्याच्याकडे पाठ फिरवली.

पाचच वर्षांनी, १८३३ मध्ये, मुंबईत अर्देशीर खरशेटजी वाडिया यांनी एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन बनवले. माणूस हुशार होता, त्याबद्दल शंका नाही. पण घराणे पिढीजात जहाजबांधणीचे. गोदी हाताशी, ओतकामाची सोय घरची, इंग्लंडला जाण्याची ऐपत. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले, मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले.

हुनर दोघांकडे होते. भट्टी, जागा, पैसा आणि ओळख मात्र एकाकडेच होती. एक रॉयल सोसायटीत गेला, दुसरा ५० रुपयांवर संपला. गोलोकचंद्रला ग्लासगोच्या विद्यापीठासारखी एक खोली कुणी दिली असती, त्याच्याजवळ दहा पोरे शिकायला बसवली असती, तर काय झाले असते? या देशात त्या काळी विद्या ज्यांच्या ताब्यात होती त्यांना घणाचा आवाज विटाळासारखा वाटत होता. ज्याच्या हातात घण होता त्याला पाटी-पुस्तक नाकारलेले होते. गुणवत्ता कमी पडली म्हणून आपल्याकडे औद्योगिक क्रांती झाली नाही, हे मला पटत नाही. हात आणि डोके यांच्यात जातीची भिंत होती, हे कारण मला जास्त खरे वाटते.

बाबासाहेबांनी मशीनकडे कसे पाहिले

बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात दाखवून दिले की जात ही नुसती कामाची वाटणी नाही. ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, तीही खालीवर लावलेली. हे त्यांनी पुस्तकात बसून लिहिलेले नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय? धागा तुटला की शटलमधून तो तोंडाने ओढून काढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळाची भीती. यंत्र विलायतेहून आले, पण त्याच्यासमोर उभे कोण राहणार ते मनूने ठरवले! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणात आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, हेही त्यांनी मांडले होते. पोर्टरचीही जागा त्याला मिळत नसे, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरी काम करण्याची रीत होती.

आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी काय मागितले? नुसत्या कारकुनीच्या जागा नाही. विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला आणि सरकारी छापखाने व रेल्वे वर्कशॉप यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असे सुचवले. वर्कशॉप! आपण त्यांचा सूट-बूट पाहिला, हातातले पुस्तक पाहिले, संविधान पाहिले. ही मागणी मात्र आपल्या भाषणांत क्वचितच ऐकू येते.

१९४५ मध्ये गांधीवादावर टीका करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. त्यांच्या मते दोष यंत्रात नसतो. यंत्र कुणाच्या मालकीचे आणि कुणाच्या फायद्यासाठी, हा खरा प्रश्न. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. यंत्र नाकारून चरख्याकडे परत जा म्हणणे म्हणजे राबणाऱ्याला कायम राबत ठेवणे. म्हणून मी जे सांगतोय त्याला कुणी ‘ग्रामोद्योग’ म्हणू नये. मला चरखा नको, लेथ हवा.

“म्हणजे पुन्हा जातीचा धंदा?”

हा प्रश्न येणारच, आणि तो योग्य आहे. आपल्या आजोबांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडले, बापाने झाडू सोडला, म्हणून आपण इथवर आलो. आता पोरांच्या हातात पुन्हा काळे तेल द्यायचे?

फरक नीट समजून घ्या. जातीचे काम जन्माने चिकटते, वर्कशॉपचे काम निवडता येते. जातीच्या कामात ‘का’ विचारायची बंदी होती, इथे ‘का’ विचारल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. स्लाइड व्हॉल्व्हचे इंजिन जुळवायला बसा. व्हॉल्व्ह हलवणारी एक्सेंट्रिक क्रँकच्या नव्वद अंश पुढे, आणि त्यावर आणखी थोडी पुढे लावावी लागते. ते ‘थोडी’ किती, हे व्हॉल्व्ह पोर्टच्या कडेबाहेर किती लांब ठेवला यावर ठरते. चूक झाली तर इंजिन लंगडते किंवा उलटे फिरते. इथे भूमिती येते, उष्णतेचे शास्त्र येते आणि कानशीचा हातही येतो. तिन्ही एकाच डोक्यात आणि एकाच देहात. जातीने जे तोडले ते इथे जुळते.

दुसरा आक्षेप, वाफेचा जमाना गेला. चंद्रपूर, कोराडी, परळीला विचारा. कोळसा जाळून पाण्याची वाफ आणि वाफेने फिरणारे टर्बाइन. अणुवीज केंद्रातसुद्धा शेवटी पाणीच उकळते. ज्या मोबाइलवर तुम्ही हा लेख वाचताय त्याची बॅटरी बहुधा वाफेच्याच विजेने भरली आहे. शिवाय वाफेच्या इंजिनात झाकलेले काही नसते. आग, पाणी, दाब, झडप, चाक सगळे डोळ्यांसमोर. शिकणाऱ्याला आणखी काय हवे?

तिसरा आक्षेप पैशांचा. तो खरा आहे, पण अर्धा. अमेरिकेत डेव्ह जिंजरी नावाच्या माणसाने १९८० पासून सात पुस्तिकांची मालिका काढली. पहिलीत कोळशाची भट्टी, दुसरीत त्या भट्टीत भंगाराचे ॲल्युमिनियम ओतून केलेला लेथ, मग त्या लेथच्या मदतीने शेपर, मिलिंग मशीन, ड्रिल. एका साधनाने दुसरे साधन घडवायचे. आपल्याकडे भंगाराची कमी आहे का? भंगार गोळा करणारे हात कुणाचे आहेत, तेही सांगायला नको. आणि जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेला आपण वर्गणी काढतोच ना? एक वर्ष आवाज कमी करा. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जुना लेथ विकायला निघतोच.

तीन प्लेटी

मशीन बनवायला आधी एक अगदी सपाट पृष्ठभाग लागतो. पण पहिला सपाट पृष्ठभाग आला कुठून? मोजायला आधीचा नमुनाच नसताना?

उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश कारागिरांनी रुळवले. मॉड्स्ले यांच्या कारखान्यात शिकलेल्या व्हिटवर्थने ते जगभर नेले. बिडाच्या दोन प्लेटी घ्या. एकीला निळा रंग लावून दुसरीवर घासा. जिथे रंग लागला तो उंचवटा, तो खरवडा. असे करत दोन्ही प्लेटी तंतोतंत जुळतील, पण तरीही त्या सपाट असतील असे नाही. एक पोटाने फुगलेली आणि दुसरी तितकीच खोलगट असली तरी त्या छान जुळतात! म्हणून तिसरी प्लेट लागते. पहिली तिसरीशी, तिसरी दुसरीशी, दुसरी पहिलीशी. तिघी कुठूनही कशाही लावल्या तरी एकमेकींशी जुळल्या, तरच तिन्ही खरोखर सपाट.

मला यात आपल्या विचाराची रीत दिसते. गुरू सांगतो आणि शिष्य मान डोलावतो, ही दोन प्लेटींची जुळणी झाली. दोघे जुळले म्हणजे सत्य सापडले असे नाही. बुद्धाने कालामांना सांगितले तेही हेच. कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. वर्कशॉपमध्ये हा उपदेश रोज हाताने करावा लागतो.

आणखी एक गोष्ट. मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो, आणि तो ब्राह्मणाच्या हातात जे दाखवेल तेच महाराच्या हातात दाखवेल. पण याने हुरळून जाऊ नका. मायक्रोमीटर जात विचारत नाही, मायक्रोमीटर कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवणारा विचारतो. मामाचा अनुभव तोच आहे. म्हणून मायक्रोमीटर आपल्या मालकीचा हवा.

करायचे काय?

प्रत्येक तालुक्यात एका अभ्यासिकेच्या शेजारी एक खोली. एक जुना लेथ, एक बेंच ड्रिल, दोन व्हाइस, कानशी, टॅप-डाय, व्हर्निअर. शिकवायला आपल्याच वस्तीतले निवृत्त फिटर-टर्नर. ते घरी बसून आहेत, त्यांना मानाने बोलवा. इंजिनिअर झालेल्या पोरांनी त्यांच्या हाताखाली काम करायचे आणि आकृती व गणित त्यांना समजावून सांगायचे. देवाणघेवाण बरोबरीची. चावी मुलींकडेही असली पाहिजे. आणि खंडेनवमीला लेथला हळदकुंकू नाही. त्याला तेल घाला, चुरा साफ करा, एवढा मान पुरे.

पहिल्या दिवशी कुणी इंजिनाला हात घालायचा नाही. आधी लोखंडाचा ओबडधोबड तुकडा कानशीने चौकोनी करा. सहाही बाजू काटकोनात येईपर्यंत. आठवडा जाईल, जाऊ द्या. मग स्वतःची साधने करा, सुरुवातीला आखणीची सुई, टॅपचा हँडल, छोटा व्हाइस. त्यानंतर मामाच्या इंजिनासारखे झुलत्या सिलिंडरचे इंजिन, ज्याला वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. ते हवेवर चालवा. ते जमले की स्लाइड व्हॉल्व्हचे.

बॉयलर सगळ्यात शेवटी आणि जाणत्या माणसाशिवाय नाहीच. पत्र्याचे डबे आणि कथलाचे डाग घेऊन वाफ करू नका, कथील उष्णतेने वितळते आणि जोड सुटतो. तांब्याची नळी, चांदीचा डाग, सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि आग लावण्याआधी थंड पाण्याने दुप्पट दाबाची चाचणी. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे भांडे फुटले तरी नुसते गळते. कोंडलेली वाफ फुटली तर माणूस मरतो. गटारात उतरवून आपली माणसे या व्यवस्थेने पुष्कळ मारली. आपल्या वर्कशॉपमध्ये कुणाला खरचटताही कामा नये.

मी एमपीएससीच्या विरोधात नाही. कलेक्टर व्हा, जरूर व्हा. पण एका जागेमागे शेकडो पोरे वयाची तिशी ओलांडून बसली आहेत, हे आपण रोज पाहतो. त्यांनी दिवसातला एक तास कानस धरली तर परीक्षा बुडणार नाही. उलट परीक्षा हुकली तरी हातात काहीतरी उरेल.

त्या पार्सलवाल्या पोराला मी फोन केला होता. विचारले, लेथ आणला तर रविवारी शिकवशील का? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, चक किती इंची आहे?”

लेथ अजून आलेला नाही. वर्गणीची वही मात्र अभ्यासिकेत इंजिनाशेजारी ठेवली आहे. येऊन पाहा, नाव लिहा. आणि तुमच्या तालुक्यात अशी वही ठेवलीत तर मला कळवा.

जय भीम!